खिशांतील चाकू आणि मुठींत मावणारीं हत्यारें



आपल्या मराठी भाषेंत 'हत्यार' हा शब्द दुहेरी कामाचा आहे. शिपायाच्या कमरेला लटकणारी तलवार हें जसें हत्यार, तशीच सोनाराच्या पाटापाशीं पडलेली बोटभर लांबीची कानस हेंहि हत्यारच. इंग्रजीनें मारण्याच्या साधनाला एक शब्द ठेविला आणि घडविण्याच्या साधनाला दुसरा. आमच्या पूर्वजांना तसा भेद करावासा वाटला नाहीं. जें हातांत धरावयाचें आणि ज्याच्या योगानें हाताची शक्ति वाढावयाची तें हत्यार, एवढाच त्यांचा हिशेब. म्हणून खंडेनवमीच्या दिवशीं सरदारांच्या वाड्यांत ढालतलवारींची पूजा होई, तेव्हां त्याच गांवांत सुताराच्या घरीं करवत-पटाशी, चर्मकाराच्या घरीं रांपी-आरी आणि नाभिकाच्या घरीं वस्तरा-नराणी यांनाहि हळदकुंकू वाहिलें जाई. आजहि कारखान्यांतील यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, ती त्याच पूजेची पुढची पायरी होय.

आज मी ज्या हत्यारांविषयीं बोलणार आहें, तीं या कुटुंबांतील सर्वांत धाकटीं. खिशांतले मिटते चाकू, चिमटे, कानकोरणीं, सोनाराच्या इवल्याशा हातोड्या, लेखणी तासण्याच्या सुऱ्या. मोठ्या तलवारींना संग्रहालयांत कांचेचीं कपाटें मिळतात. या धाकट्या मंडळींच्या नशिबीं बहुधा भंगाराचा काटा येतो. त्यांना गोळा करणारे लोक जगांत सर्वत्र आहेत. आमच्या छत्रपती संभाजीनगरांतहि दोघेतिघे आहेत, आणि त्यांपैकीं मी एक आहें.

अशा संग्रहाला कांहीं नियम असावा लागतो, नाहीं तर घराचें गोदाम व्हावयास वेळ लागत नाहीं. माझे नियम दोनच. वस्तु मिटलेल्या मुठींत मावली पाहिजे. आणि तिनें आपलें काम केलें पाहिजे. यांतील दुसरा नियम अधिक कडक आहे. भातुकलीच्या खेळांतील जातें घ्या. तें दगडाचें, खुंट्याचें, खरोखर टांकी लावलेलें असेल, तर त्यांतून चिमूटभर कां होईना पण पीठ पडतें. त्याला माझ्या कपाटांत मानाची जागा आहे. लाकडावर रंग देऊन केलेलें जातें कितीहि सुबक असलें, तरी तें जात्याचें चित्र होय, जातें नव्हे. तीच गोष्ट चाकूची. किल्लीच्या साखळीला लावावयाचे धातूचे चकचकीत चाकू बाजारांत रुपयांना पासरी मिळतात. परंतु त्यांच्या पात्यानें जर लिफाफा उघडत नसेल, तर त्यांना चाकू म्हणणें हा त्या शब्दाचा अपमान आहे.

आपल्याकडचें सर्वांत जुनें 'खिशांतलें' हत्यार वस्तुतः खिशांत राहत नसे, कारण खिसा हा आमच्या पोशाखांत उशिरा शिरलेला पाहुणा. तें राही चंचींत. चंची म्हणजे पानतंबाखूची, अनेक कप्प्यांची, गुंडाळून दोरीनें बांधावयाची कापडी पिशवी. आजच्या तरुण मंडळींनीं ती पाहिली नसेल. तिच्या एका कप्प्यांत पानें, दुसऱ्यांत सुपारी, चुन्याची डबी, कात. आणि त्यांच्याबरोबर एका कडींत ओंवलेले तीन चांदीचे जिन्नस : दांतकोरणें, कानकोरणें आणि चिमटा. खेडेगांवांतील शेतकऱ्याच्या पायांत बाभळीचा कांटा मोडला, कीं हा चिमटाच त्याचा वैद्य. आतां गंमत अशी पाहा : स्वित्झर्लंडच्या इबाख गांवीं तयार होणारा तांबडा चाकू जगभर प्रसिद्ध आहे. त्यांतील सर्वांत लोकप्रिय लहान प्रकार मिटल्यावर अवघा ५८ मिलिमीटर लांब असतो. त्यांत एक पातें, एक कातर, एक कानस. आणि मुठीच्या दोन बाजूंस खोंचून ठेविलेल्या दोन वस्तु. कोणत्या? एक दांतकोरणें आणि एक चिमटा. आमच्या चंचीशीं त्या कारखान्याचा कांहीं संबंध नाहीं. परंतु माणसाचे दांत आणि माणसाच्या पायांतील कांटा हे सर्व देशांत सारखेच असल्यामुळें दोन्हीकडील कारागीर एकाच ठिकाणीं येऊन पोहोंचले.

त्या तांबड्या चाकूचा इतिहास थोडक्यांत सांगतों. कार्ल एल्सेनर या कारागिरानें १८८४ सालीं इबाख येथें आपली कार्यशाळा काढली आणि १८९१ सालीं स्विस सैन्याला शिपायांसाठीं चाकू पुरविले. तो चाकू जड होता. म्हणून त्यानें अधिक हलका व अधिक अवजारांचा 'अधिकाऱ्यांचा चाकू' तयार करून १८९७ च्या जून महिन्यांत त्याची नोंदणी केली. १९०९ सालीं आई वारल्यावर तिचें 'व्हिक्टोरिया' हें नांव त्यानें आपल्या मालाला दिलें. पुढें १९२१ सालीं न गंजणारें पोलाद वापरांत आल्यावर त्या पोलादाचें 'इनॉक्स' हें नांव त्याला जोडलें गेलें, आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' हा शब्द तयार झाला. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतांतील जोसेफ ओपिनेल याची रीति याहून साधी. लांकडी मूठ, एक पातें, बस्स. १८९० मध्यें त्यानें हा चाकू काढला व १८९७ पासून एक ते बारा अशा क्रमांकांच्या मापांत तो विकूं लागला. क्रमांक एकचें पातें दोन सेंटिमीटरचें असून घड्याळाच्या साखळींत अडकविण्यासाठीं त्याला एक कडी असे. १९३० नंतरच्या दशकांत तो बंद झाला. जुन्या वस्तूंच्या बाजारांत तो एक क्रमांक दिसला, कीं संग्राहकांचे डोळे कसे चमकतात हें मीं पाहिलें आहे.

याच्या उलट टोंक इंग्लंडांतील शेफील्ड या गांवीं. तेथील जोसेफ रॉजर्स आणि मंडळी या कारखान्यानें १८२२ सालीं एक चाकू केला, त्याला पातीं होतीं १८२२! पुढें दर वर्षीं एक पातें वाढवावयाचें, असा संकल्प. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत त्याच कारखान्यानें पंचाहत्तर पात्यांचा एक प्रचंड चाकू मांडला. कारागिरी म्हणून या वस्तूंना कोणीहि नांव ठेवणार नाहीं. परंतु ज्या चाकूनें आंबा कापतां येत नाहीं आणि जो खिशांत घालतां येत नाहीं, त्याचें कौतुक मला दुरूनच करावेंसें वाटतें.

आमच्या शहराशीं अधिक जवळचें नातें आहे तें कलमतराशाचें. हा फारसी शब्द. कलम म्हणजे लेखणी, तराश म्हणजे तासणारा. ज्या काळीं सारा राज्यकारभार बोरूनें चाले, त्या काळीं प्रत्येक लिहिणाऱ्याच्या कलमदानांत दौत, बोरू, वाळूची डबी यांच्या जोडीला एक लहानशी सुरी असे. तिचें पातें आंखूड, टणक आणि अतिशय धारदार. आंखूड अशासाठीं, कीं बोरू तासतांना जोर अंगठ्याचा लागतो. पातें लांब असलें कीं तें वांकतें व टोंक फाटतें. आधीं बोरू तिरकस तासावयाचा, मग मध्यें चीर द्यावयाची, आणि शेवटीं टोंक एका झटक्यांत तोडावयाचें. हा शेवटचा घाव हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या छोट्या पट्टीवर बोरू ठेवून घालीत. तो जर दोनदां घालावा लागला, तर बोरू फुकट. टोंकाचा तिरकसपणा लिपीप्रमाणें निराळा. देवनागरीसाठीं एक, उर्दूच्या नस्तालीक वळणासाठीं दुसरा. मोडी लिहिणारा कारकून शेंकडों ओळी हात न उचलतां लिही. त्याच्या बोरूचें टोंक दिवसांतून कित्येकदां बोथट होई, आणि तेव्हां ही सुरी बाहेर निघे. या शहरांत फारसी, उर्दू, मोडी आणि बालबोध अशा चारहि लेखनरीति एका वेळीं नांदल्या; तेव्हां येथें किती कलमतराश झिजले असतील याची कल्पनाच करावी. इंग्रजीमध्यें खिशांतल्या लहान चाकूला जें नांव आहे त्याचाहि अर्थ 'लेखणीचा चाकू' असाच आहे, कारण त्यांचे कारकून पिसाच्या लेखण्या कापीत. लेखण्या गेल्या, नांव राहिलें.

माझ्याजवळ तीन कलमतराश आहेत. त्यांतील एकाचें पातें झिजून झिजून गव्हाच्या लोंबीएवढें उरलें आहे. मला तो सर्वांत प्रिय आहे. पुष्कळ संग्राहक झिजलेली वस्तु घेत नाहींत. त्यांना कोरी हवी असते. मला हें मत पटत नाहीं. कोऱ्या चाकूवर फक्त घडविणाऱ्याची सही असते; झिजलेल्यावर वापरणाऱ्याचीहि असते.

लेखणीच्या चाकूची आणखी एक हकीकत आहे व तिचा संबंध आपल्या दक्षिण देशाशीं आहे. आजच्या तेलंगणांतील निजामाबाद जिल्ह्यांत कोनासमुद्रम् म्हणून एक गांव आहे. मराठवाड्याप्रमाणेंच तोहि मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या गांवीं मातीच्या मुशींत लोखंड बंद करून, तासन् तास भट्टींत ठेवून, हळूहळू निववून एक विशेष पोलाद करीत. दक्षिणेंत अन्यत्रहि तें होई. त्याच्या भाकरीसारख्या वड्या घेण्यासाठीं इराणी व्यापारी येत, आणि तिकडील प्रसिद्ध लाटांच्या नक्षीच्या तलवारी त्या पोलादाच्या होत. १७९४ सालीं मुंबईंतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. दुसऱ्या वर्षीं जॉर्ज पिअर्सन यांनीं रॉयल सोसायटीपुढें त्यांवर निबंध वाचला. हें पोलाद पारखावें कसें? तें काम जेम्स स्टोडर्ट नांवाच्या चाकू-वस्तरे घडविणाऱ्या कारागिराकडे गेलें. आणि त्यानें त्या भारतीय पोलादापासून काय घडविलें, तर लेखणी कापावयाचा एक चाकू. तलवार नव्हे, भाला नव्हे! पोलादाची खरी परीक्षा बारीक धारेंत होते, हें तो जाणून होता. पुढें याच स्टोडर्टनें मायकेल फॅरडे यांच्यासह पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. विजेच्या शोधांमुळें फॅरडे यांचें नांव आपण ऐकतों. पण ते एका लोहाराचे चिरंजीव होते, ही गोष्ट मुलांना सांगितली कीं वर्गांत क्षणभर शांतता होत असे.

आतां एक शंका श्रोत्यांच्या मनांत आली असेल. मोठें हत्यार लहान मापांत उतरविलें कीं झालें लहान हत्यार. त्यांत एवढें कौतुक तें काय? येथेंच खरी मेख आहे. समजा, एक किलो वजनाची हातोडी आहे. तिची प्रत्येक बाजू बाराव्या हिश्शाची केली. लांबी बारावा हिस्सा, रुंदी बारावा हिस्सा, जाडी बारावा हिस्सा. म्हणजे वजन बारा गुणिलें बारा गुणिलें बारा, अर्थात् १७२८ वा हिस्सा. तें झालें अर्ध्या ग्रॅमहून किंचित् अधिक. अशा हातोडीनें खिळा काय, मोहरीचा दाणाहि फुटावयाचा नाहीं. म्हणून ज्याला लहान पण काम करणारी हातोडी हवी आहे, त्यानें मोठीची नक्कल करून भागत नाहीं. डोकें प्रमाणाहून जड, दांडा प्रमाणाहून लांब व बारीक, अशी तिची स्वतंत्र रचना करावी लागते. सोनाराची हातोडी जरा विचित्र आकाराची दिसते ती यामुळें. चाकूचेंहि तसेंच. धारेची बारीकी लहान चाकूला आणि मोठ्या चाकूला सारखीच लागते. धार कांहीं बाराव्या हिश्शाची करतां येत नाहीं. शिवाय मिटत्या चाकूच्या पाठींत पोलादाची एक पट्टी असते. ती कमानीसारखी पात्याच्या बुडाला दाबून धरते. बूड चौकोनी घांसलेलें असतें, म्हणून पातें उघडें असतांना एका बाजूवर आणि मिटलें असतांना दुसऱ्या बाजूवर घट्ट बसतें. मधल्या कोपऱ्यावरून जातांना 'टक्' असा आवाज होतो. दोन सेंटिमीटरच्या चाकूंत ही कमान इतकी आंखूड असते, कीं पोलादाला पाणी देतांना किंचित् चूक झाली तरी ती मोडते किंवा ढिली पडते. तो 'टक्' आवाज लहान चाकूंतून स्वच्छ आला, कीं समजावें, करणारा मोठा होता. मूर्ति लहान पण कीर्ति महान म्हणतात तें येथें अक्षरशः खरें आहे.

बाराव्या हिश्शाचें माप मीं उगीच घेतलें नाहीं. नव्या दिल्लीची आखणी करणारे एडविन ल्यूटिन्स यांनीं त्याच काळांत इंग्लंडच्या मेरी राणीसाठीं एक बाहुलीघर बांधलें. १९२४ मध्यें तें पुरें झालें. हल्लीं विंडसरच्या किल्ल्यांत आहे. फुटास इंच या मापाच्या त्या घरांत विजेचे दिवे लागतात, पाळणा वरखालीं जातो, आणि नळांतून खरें पाणी येतें. राजधानी बांधणाऱ्या माणसाला हा खेळ हलका वाटला नाहीं, याचें मला बरें वाटतें.

आपल्याकडे असें कांहीं पाहावयाचें असेल तर हैदराबादेस सालारजंग संग्रहालयांत जावें. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान हे १९४९ सालीं वारले आणि १९५१ सालीं त्यांचा संग्रह लोकांना खुला झाला. तेथें नूरजहानची म्हणून फळें कापावयाची एक सुरी दाखवितात. परंतु गर्दी असते ती एका घड्याळापुढें. दर तासाला एक दाढीवाला बाहुला बाहेर येऊन टोले देतो, आणि तें पाहण्यासाठीं लोक आधीपासून जागा धरून बसतात. त्याच घड्याळांत एक चिमुकला लोहार आहे. तो दर सेकंदाला घण मारीत असतो. टोले देणारा तासांतून एकदां येतो आणि टाळ्या घेतो. लोहाराकडे फारसें कोणी पाहत नाहीं.

पुण्यास बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय हें तर माझ्यासारख्यांचें पंढरपूर. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनीं संग्रहाला आरंभ केला. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणींच गेला, आणि त्याचें नांव त्यांनीं संग्रहाला दिलें. वीस हजारांहून अधिक वस्तु जमवून त्यांनीं त्या महाराष्ट्र शासनाच्या हवालीं केल्या. तेथील अडकित्ते अवश्य पाहावेत. अडकित्ता हें दुसऱ्या प्रकारच्या तरफेचें उत्तम उदाहरण. टेकू एका टोंकाला, हात दुसऱ्या टोंकाला, आणि बिचारी सुपारी मध्यें. पदार्थविज्ञान शिकवितांना मी वर्गांत अडकित्ता नेत असें. कच्छमधील अंजार येथें अडकित्ते आणि सुऱ्या करण्याचा धंदा जुना. २००१ च्या भूकंपाचा त्या गांवाला मोठा तडाखा बसला. केळकरांनीं राजेरजवाड्यांच्या रत्नांच्या मागें न लागतां विळ्या, दिवे, कुलुपें, दौती यांच्यामागें आयुष्य घालविलें. त्यांच्या हयातींत पुष्कळांना तें वेडच वाटलें असावें.

आमच्या शहरांत जाफरगेटचा आठवडी बाजार रविवारीं भरतो. तेथें जुन्या लोखंडाच्या पथाऱ्या असतात. मोडके पाने, किल्ल्या नसलेलीं कुलुपें, कुलुपें नसलेल्या किल्ल्या. त्या ढिगाऱ्यांत हात घातला कीं एखादे वेळीं अकस्मात् एखादा चिमटा बोटाला लागतो. परंतु माझ्या संग्रहांतील सर्वांत महत्त्वाची पेटी तेथून आलेली नाहीं. ती आली एका सोनाराच्या घरून. ते गृहस्थ वारल्यावर त्यांच्या मुलांनीं दुकान मोडलें. मुलें नोकरींत होतीं. त्यांचें कांहीं चुकलें असें मी म्हणत नाहीं. तराजू आणि गुंजांची वजनें हौशी माणसानें नेलीं. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हें कोष्टक आतां पाठ कोणाला आहे? बाकीचीं हत्यारें भंगारवाल्यानें किलोच्या भावानें मागितलीं होतीं. मला निरोप मिळाला तेव्हां पेटी ओट्यावर काढून ठेविलेली होती. आंत सात हातोड्या, अकरा कानशी, चिमटे, सांडशी, फुंकणी, आणि एक जंतर. जंतर म्हणजे तार ओढावयाची पोलादी पट्टी. तिला एकापेक्षां एक लहान अशीं छिद्रें असतात. चांदीची काडी मोठ्या छिद्रांतून ओढावयाची, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, तोंपर्यंत कीं तार केंसासारखी व्हावी. त्या पट्टीवर बेचाळीस छिद्रें मीं मोजलीं. भंगाराच्या काट्यावर तिची किंमत एका चहाएवढी झाली असती.

मीं ती पेटी भंगाराच्या चौपट भावानें घेतली आणि तीन वर्षें ती माझ्या कपाटांत नांदली. मग एके दिवशीं त्या सोनाराचा नातू दारांत आला. मुलांनीं सोडलेला धंदा नातवानें धरला होता. सराफ्यांत एका कारागिराच्या हाताखालीं तो काम शिकत होता. म्हणाला, "गुरुजी, आजोबांची ती गोल तोंडाची लहान हातोडी तुमच्याकडे आहे का? नव्या हातोडीचे वळ सोन्यावर उमटतात." त्याचें म्हणणें बरोबर होतें. हातोडीच्या तोंडावर जी ओरखड असेल ती प्रत्येक घावासरशी सोन्यावर छापली जाते. म्हणून जुने कारागीर हातोडीचें तोंड आरशासारखें घांसून ठेवीत. त्या म्हाताऱ्यानें तें पन्नास वर्षें घांसलें होतें. मीं म्हटलें, "ने, बाळ." त्यानें पैसे विचारले. मीं त्याला आजोबांच्या हातची एखादी गोष्ट आठवत असेल तर सांग म्हटलें, आणि त्यानें सांगितलेली मीं वहींत उतरून घेतली.

माझे एक संग्राहक स्नेही आहेत, ते यावर फार नाराज झाले. त्यांचें म्हणणें असें, कीं संच एकदां फुटला कीं संपला. सात हातोड्यांच्या सहा झाल्या म्हणजे उद्यां त्यांना कोणतेंहि संग्रहालय हात लावणार नाहीं. आणि एका मुलाच्या सोयीसाठीं शंभर लोकांचा ठेवा मोडणें हा उदारपणा नसून भाबडेपणा आहे. हा युक्तिवाद पोकळ नाहीं. संग्रह करावयाचा तो पुढच्यांसाठीं करावयाचा, हें मलाहि मान्य आहे. पण माझा नियम आहे कीं हत्यारानें काम केलें पाहिजे. आणि काम करावयाला बोलावणें आलें असतां त्याला कपाटांत अडवून ठेवणारा मी कोण? आमचा वाद अजून मिटलेला नाहीं. परवां ते स्नेही पुन्हां म्हणाले, "उद्यां तो जंतर मागेल." मागील महिन्यांतच त्यानें तो मागितला होता, हें मीं त्यांना अद्याप सांगितलेलें नाहीं. आतां सांगावें लागेल, कारण तेहि हें भाषण ऐकत असतील.

असो. धार लावण्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पूर्वीं गल्लीगल्लींतून शिकलगार हिंडत. सायकलीच्या चाकावर सहाण बसवून, पायानें ती फिरवीत, ठिणग्यांचा फवारा उडवीत ते धार लावून देत. विळी आणि कातर यांना तें उत्तम. लहान चाकूला मात्र तें चाक दाखवूं नये. जलद फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पोलाद तापतें. पातें जितकें लहान तितकें तें लवकर तापतें, आणि धारेशीं निळसर रंग दिसला कीं समजावें, पोलादाचें पाणी उतरलें. मग ती धार आठ दिवस टिकत नाहीं. लहान पात्याला बारीक सपाट दगड, थोडें पाणी आणि अर्धा तास सवड एवढें पुरतें.

घरांत मुलें असतील तर त्यांना चाकूपासून अगदींच दूर ठेवूं नये, असें मी माझ्या पेशाच्या अनुभवावरून म्हणतों. शाळेंत चाकू आणण्यास बंदी आहे ती योग्यच आहे. पण पेन्सिलला टोंक करावयाचें यंत्र आल्यापासून मुलांच्या अंगठ्याला किती जोर कोठें लावावा हें कळेनासें झालें आहे. दहा वर्षांच्या मुलाला शेजारीं बसवून, लहान चाकूनें एक पेरू कापूं द्यावा. पातें स्वतःपासून दूर न्यावयाचें, आणि चाकू दुसऱ्याच्या हातांत देतांना मूठ पुढें करावयाची, हे दोन नियम त्याला आधीं सांगावेत. अजिंठ्याच्या चोविसाव्या, अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांत मी मुलांना नेत असें. पुऱ्या झालेल्या लेण्यांत मूर्ति दिसतात; येथें छिन्नीचे घाव दिसतात. ज्या मुलांनीं कधीं लांकूड तासलें होतें, तीं त्या भिंतीला हात लावून उभीं राहत. बाकीचीं डबे उघडावयास पळत.

कायद्याचेंहि सांगतों. शस्त्रांविषयींच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती व धंद्याच्या हत्यारांना त्यांतून वगळलें आहे. तेव्हां आमच्या दोन इंची मंडळींना तेथें भय नाहीं. विमानप्रवासांत मात्र खिशांतला चाकू हातच्या पिशवींत चालत नाहीं, मग तो कितीहि लहान असो. तो मोठ्या सामानांत घालावा, नाहीं तर तपासणीच्या टेबलावर त्याचा कायमचा निरोप घ्यावा. हस्तिदंती मुठीचा जुना चाकू कोणी विकावयास आणला तर घेऊं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें व त्यांतील पुढील दुरुस्त्यांन्वयें हस्तिदंताचा व्यापार गुन्हा आहे.

जपणुकीला खर्च नाहीं. शिवणयंत्राचें तेल, एक जुनी मऊ चिंधी आणि कोरडी लांकडी पेटी. कातडी म्यानांत चाकू कायमचा ठेवूं नये. कातडें कमावतांना वापरलेल्या द्रव्यांमुळें पोलादाला आणि पितळेला डाग पडतात. जुन्या वस्तूला चकाकी आणण्यासाठीं चाकावर घांसून घेणारे लोक आहेत. त्यांच्या हातीं वस्तु देण्यापेक्षां ती गंजलेली बरी. आणि एक वही ठेवावी. तींत वस्तूचें नांव, लांबी, वजन, ती कोठून आली, आणि ती कोणतें काम करीत असे, असे पांच रकाने आंखावेत. पहिले चार घरीं बसून भरतां येतात. पांचव्यासाठीं विकणाऱ्याशींच बोलावें लागतें. आणि जाफरगेटच्या बाजारांत तो सकाळीं आठच्या आंत, गर्दी होण्यापूर्वीं, बोलावयास मोकळा असतो.